काळीला ताप आहे

परवा पनवेलमध्ये डॉक्टर मथुरा दिघे यांच्या तसबिरीला हार घालण्याचा समारंभ झाला. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, कारण त्यांच्या दवाखान्यात नर्स म्हणून राबलेल्यांपैकी शुद्धीवर असलेली मी एकटीच उरले आहे. वक्ते एकामागून एक उठत होते. एकाने बाईंना वात्सल्यमूर्ती म्हटलं. दुसऱ्याने शांत, सोशिक आणि मितभाषी म्हटलं. ज्या बाईने ओरडायला सुरुवात केली की तळ्यावर धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून ऐकायच्या, ती म्हणे मितभाषी. मी पर्समधली गोळी काढून जिभेखाली ठेवली आणि बसून राहिले.

मग तिसरे गृहस्थ उठले. वयाने माझ्या धाकट्या मुलाएवढे. ते म्हणाले, "चंद्रावरही डाग असतो. खिंडीपलीकडच्या एका अडलेल्या बाईला पनवेलला आणताना डॉक्टरीणबाईंनी गाडी बैलगाडीच्या चालीनं हाकली आणि पोटातलं बाळ गेलं, असं जुनी माणसं सांगतात. पण आज आपण मोठ्या मनानं ते विसरू या." सगळ्या सभागृहाने मोठ्या मनाने माना डोलावल्या. मी उठले, चपला शोधल्या आणि घरी आले. त्या गाडीत मागच्या सीटवर मी होते. गाडी हळू का चालली ते मला माहीत आहे. बाईंनी मला तोंड उघडू दिलं नाही म्हणून इतकी वर्षं गिळून बसले. आता बाई नाहीत, त्या बाळाच्या घरातलं त्या वेळचं कुणी नाही, आणि मीही फार दिवसांची सोबतीण नाही. तेव्हा आता मी बोलणार आहे.

बाईंचा जन्म कुठला, शिक्षण कुठलं, हे सगळं समारंभात वाटलेल्या पुस्तिकेत आहे. ते तिथे वाचा. मी पाहिलेल्या बाई ठेंगण्या, सावळ्या, जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या होत्या. सुती पातळाचा पदर कमरेला खोचलेला आणि पायात पुरुषी वहाणा. एकोणीसशे पन्नासच्या सुमाराला मी त्यांच्याकडे लागले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "रडतेस का?" मी म्हटलं, नाही. "रडशील," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. आठ दिवसांत मी रडले.

बाळंतीण उशिरा आणली की नातेवाइकांची खैर नसे. "आत्ता आणलीत? अजून दोन दिवस घरी ठेवायची, म्हणजे माझं काम वाचलं असतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हे म्हणता म्हणता हात मात्र साबणाने धुऊन झालेले असत. नवरा दारूचा वास घेऊन आला तर त्याला बाहेरच्या पायरीवर उन्हात बसवत. एकदा एका सरपंचाने सुनेला तपासायच्या आधी मुलगाच होईल ना असं विचारलं, तर हातातलं एनॅमलचं भांडं त्याच्या दिशेने गेलं. ते त्याला लागलं नाही, पण त्याचा टवका उडाला आणि ते टवका उडालेलं भांडं बाईंनी शेवटपर्यंत वापरलं. कौतुक त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. ज्या दिवशी शिव्या नाहीत, त्या दिवशी आपलं काम बरं झालं असं आम्ही समजायचो.

त्यांच्या जिवाला जीव देणारी वस्तू एकच होती, ती म्हणजे काळी. कुण्या परत जाणाऱ्या साहेबाकडून घेतलेली जुनी विलायती मोटार. दाराशी पायरी, पुढे दोन डोळ्यांसारखे दिवे, आणि सुरू करायला पुढून दांडा फिरवावा लागे. तो मी फिरवायचा, ही माझ्या नोकरीतली न लिहिलेली अट होती. गावात तेव्हा मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. बाई स्वतः गाडी चालवतात हे बघायला सुरुवातीला पोरं मागे धावायची. बाई त्यांनाही ओरडायच्या.

काळी परत आली की बाई आधी चाकाशी वाकायच्या. हात धुण्याच्याही आधी. पोराच्या कपाळाला लावावा तसा हाताचा मागचा भाग पुढच्या चाकाजवळ न्यायच्या, टेकवायच्या नाहीत, आणि निदान सांगायच्या. बाजारात थांबत थांबत जाऊन आली असेल तर "कणकण आहे." पळस्प्याच्या नाक्यापर्यंत दामटून आली असेल तर "ताप आहे." आणि कर्नाळ्याची खिंड उतरून आली असेल तर "सन्निपात. कुणी हात लावू नका." सन्निपात असला की चाकाच्या आतून जळक्या चिंध्यांसारखा वास यायचा आणि थेंबभर पाणी उडालं तर चर्र करून नाहीसं व्हायचं.

एका लाकडाच्या ठेकेदाराचा पुतण्या मोठा शहाणा होता. "उन्हात उभी आहे म्हणून तापली असेल, धावून का चाक तापतं?" असं म्हणत त्याने तळवा आत सारला. पाची बोटांना फोड आले. बाईंनी मलमपट्टी केली, पण तेवढा वेळ त्याला त्यांचं ऐकावं लागलं. "चाक थंड दिसतं म्हणून थंड असतं का? तूही शहाणा दिसतोस."

हे ज्ञान बाईंना गफूरभाईंनी दिलं होतं. एस.टी. स्टँडमागे त्यांचं मोटारी दुरुस्त करायचं दुकान. आवाज आणि राग दोन्ही बाबतींत पनवेलात बाईंना तोडीस तोड असा तो एकच माणूस. दोघांचं भांडण ऐकायला स्टँडवरचे लोक गाडी सोडून थांबायचे.

"बाईसाहेब, उतरणीला सारखा ब्रेक दाबून धरता तुम्ही. पायपेटी वाजवता काय? गियर खाली घ्या, इंजिनाला ओढून धरू द्या. लोखंडाला पण सबर लागते."

"उतरणीला गाडी पळते, गफूरभाई. माझा पाय आपोआप जातो."

"मग तो पाय घरी ठेवून या."

चाक काढून त्यांनी आम्हाला आतला ड्रम दाखवला. ड्रम म्हणजे चाकासोबत फिरणारा लोखंडी डबा. ब्रेक दाबला की आतून दोन पट्ट्या त्याला घासतात, गाडी थांबते, आणि गाडीचा सगळा वेग उष्णता होऊन त्या डब्यात जातो. "आणि एक ध्यानात ठेवा," गफूरभाई म्हणाले, "हा बिडाचा आहे, ओतीव लोखंडाचा. तापलेला असताना गार पाणी पडलं की तडकला. मग ब्रेक गेला समजा." बाईंनी त्यांच्याशी आणखी थोडं भांडण केलं, पण त्या दिवसापासून चाकाचा ताप बघायला लागल्या.

आता गावोगावची अडचण सांगते. आमच्याकडे कुणी मानाचं माणूस गाडीतून आलं की आधी बैलांच्या खुरांवर पाणी घालायचं, मग माणसाच्या पायांवर, ही रीत. मोटार आली तिला बैल नाहीत, तेव्हा चाकांवर घालायचं. शिवाय पनवेल म्हणजे तेव्हा बैलगाडीच्या चाकांचं गाव. दूरदूरून लोक चाकं न्यायला यायचे. लाल होईपर्यंत तापवलेली लोखंडी धाव लाकडी चाकावर चढवायची आणि वरून घागरी ओतायच्या. वाफेचा लोट उठतो, धाव आवळते, चाक जन्माचं पक्कं होतं. हे पाहत पंचक्रोशीतलं प्रत्येक पोर वाढलेलं. तेव्हा तापलेल्या चाकावर पाणी घातलं की चाक घट्ट बसतं, हे कुणी कुणाला शिकवायला नको होतं. डॉक्टरीणबाईंची गाडी तापून आली आहे, तर पाणी घालणं यात मान होता आणि उपकाराची फेडही होती.

बाई दारातूनच ओरडायच्या, "चाकाला पाणी नको." लोकांना वाटायचं, बाई भिडेखातर नको म्हणताहेत. एका गावात त्यांनी एका बाईच्या हातातला हंडा हिसकावून ओतून दिला, तर गावात बोभाटा झाला की डॉक्टरीण माजली, हातचं पाणी नाकारते. मग बाईंनी बायकांना चुलीपाशी गाठून विचारलं, "तापलेल्या बिडाच्या तव्यावर गार पाणी ओताल का?" बायकांना लगेच पटलं. तवा तडकल्यावर सासूने काय ऐकवलं होतं ते त्यांच्यातल्या निम्म्या जणींना आठवलं. पुरुषांना मात्र पटायचं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर तवा नव्हता, धाव होती.

शेवटी बाईंनी तोड काढली. गाव आलं, गाडी थांबली, की त्या दार उघडून बसल्या जागेवरून दोन्ही पाय बाहेर काढायच्या. "घाला काय घालायचं ते इथे." पाय धुऊन घेणं त्यांना अजिबात आवडत नसे. "मी काय देवी आहे?" म्हणून चरफडायच्या. कुणी बोटांवर हळदकुंकू लावलं की पेशंटकडे जायला उशीर होतो म्हणून आणखी चरफडायच्या. पण पाणी पायांवर पडलं की लोकांचं समाधान व्हायचं आणि चाकं वाचायची. पातळ घोट्यावर धरून, तोंडाने शिव्या देत, पाय धुऊन घेणाऱ्या बाई मी इतक्यांदा पाहिल्या आहेत की तसबिरीतला तो गोड चेहरा मला ओळखूच येत नाही.

आता तो दिवस. गावाचं नाव लिहीत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत, कारण नातवंडं नांदताहेत आणि बाईंना तेवढंही आवडलं नसतं.

चैत्रातली टळटळीत दुपार होती. खिंडीपलीकडून गोमा पाटलांचा निरोप आला, सून यमुना कालपासून अडली आहे. पाटलांचा मुलगा मिठागरावर होता, घरात करतं माणूस म्हणजे पाटीलच. बाईंनी जेवणाच्या ताटावरून उठून काळी काढली. खिंड त्या दिवशी त्यांनी अशी उतरली की गफूरभाई पाहत असते तर रडले असते. वळणावळणाला ब्रेक. जळका वास मागच्या सीटवर मला गुदमरवत होता. गाव आलं, दाराशी यमुनेचं ओरडणं ऐकू आलं, आणि बाई दार उघडून थेट धावल्या. पाय बाहेर काढून बसायचं राहून गेलं. मी पेटी घेऊन मागे धावले.

आत बाईंनी यमुनेला तपासलं. मूल आडवं होतं. पोटावर नळी टेकवून त्या कान लावून बसल्या. तेवढ्यात बाहेरून चर्र असा मोठा आवाज आला, पोरं ओरडली, आणि पाठोपाठ टण् असं काहीतरी वाजलं. चुलीवरचा तवा फुटावा तसं. बाईंचा हात क्षणभर यमुनेच्या पोटावर थांबला. मग त्या म्हणाल्या, "ठोके आहेत. तू ऐक." मी ऐकले. जलद होते, बारीक होते, पण होते. हे मी लिहून ठेवते आहे, कारण मला ते अजून ऐकू येतात.

बाहेर अंगणात पाटील रिकामा हंडा घेऊन उभे होते. धोतर भिजलेलं, तोंडावर समाधान. चारी चाकांतून वाफ निघत होती.

"सोता घातलं बाय, कुनाला हात लावू दिला नाय," ते म्हणाले. "लय तापली व्हती तुमची गाडी. आमच्यासाठी तापली. आता चाकां घट बसली आसतील."

मी डोळे मिटून घेतले. आता काय ऐकायला मिळणार ते मला माहीत होतं. पण काहीच ऐकू आलं नाही. डोळे उघडले तर बाई चाकाकडे बघत होत्या, मग पाटलांकडे. "पाटील," त्या म्हणाल्या, "सुनेला उचलून मागे ठेवा. तुम्ही पुढे बसा. पनवेलला न्यायला हवी."

वेशीपाशी त्यांनी ब्रेक दाबून पाहिला. गाडी एकदम उजवीकडे झुकली आणि चाकातून खडे भरडल्यासारखा आवाज आला. बाईंनी पाय उचलला. पुन्हा त्या ब्रेकला पाय लावला नाही.

"बाई, एखादी लॉरी मिळते का बघू या?" मी मागून हळूच म्हटलं.

"दिसली तर दाखव," त्या म्हणाल्या.

दिसली नाही. समोरून एक एस.टी. पेणकडे गेली, आमच्या दिशेने जाणारं काहीच नाही. खिंड चढेपर्यंत ठीक होतं. उतरणीला बाईंनी पहिला गियर टाकला आणि काळी रडत, ओरडत, पावलापावलाने उतरू लागली. एक हात चक्रावर, दुसरा हातब्रेकच्या दांड्यावर. त्यांच्या मानेवरून घाम ओघळताना मला दिसत होता. गाडी त्यांच्या हातातून सुटली असती तर दरीत आम्ही चौघं होतो, आणि पाचवं पोटात.

पाटलांना हे काही माहीत नव्हतं. त्यांना फक्त एवढं दिसत होतं की रस्ता समोर पडला आहे आणि गाडी सरकत नाही.

"बाय, रस्ता मोकला हाय. जरा दामटा."

"येते मला गाडी चालवता."

थोड्या वेळाने त्यांनी हात जोडले. "बाय, तुमच्या पाया परतो. पोरगी जाईल माजी."

बाईंनी हातब्रेकचा दांडा आणखी घट्ट धरला. यमुनेचं ओरडणं आता कण्हण्यावर आलं होतं. पळस्प्याच्या आधी पाटलांचा धीर सुटला. "माज्या बैलांनी याच्या आदी नेली आसती," ते म्हणाले आणि रडायला लागले.

माझ्याच्याने राहवेना. "पाटील, अहो, ते पाणी तुम्ही—"

"शालिने," बाई म्हणाल्या. आरशात त्यांचे डोळे होते. "पेशंटकडे बघ."

दवाखान्यापाशी गाडी थांबवायला ब्रेक नव्हताच, म्हणून बाईंनी ती कुंपणाच्या निवडुंगात घातली. लोक हसले. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर क्लोरोफॉर्म द्यायला धावत आले. यमुना वाचली. मुलगा होता, तो गेलेला होता. नळी लावून मी त्याचे ठोके पुन्हा शोधले होते, बाईंनी शोधले होते, पण वाटेतच कुठेतरी ते थांबले होते.

बाई स्वतः बाहेर गेल्या. असं काम त्या कधी माझ्यावर ढकलत नसत.

"मुलगा होता, पाटील. गेला. सून वाचेल."

"वाटंत गेला?"

"हो. वाटेत."

"मंग लवकर का नाय आनलीत, बाय?"

दवाखान्याच्या ओसरीवर दहा-वीस माणसं जमली होती. मी दारात उभी होते आणि मनात म्हणत होते, सांगा आता, ओरडा आता. एरवी टाचणी पडली तरी ओरडणाऱ्या बाई त्या माणसांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "नाही जमलं मला."

तेवढ्या तीन शब्दांवर लोकांनी त्यांना फाशी दिली.

दुसऱ्या दिवशी गफूरभाईंनी चाक उघडलं. ड्रमला काठापासून आतपर्यंत तडा गेला होता, एक तुकडा सुटून आत घासत होता. त्यांनी तो भर स्टँडवर नाचवला. "ह्याच्यावर पाणी कुणी घातलं?"

"मी," बाई म्हणाल्या.

"तुम्ही? मी सांगून सांगून थकलो, आणि तुम्ही?"

"विसरले."

मग गफूरभाईंनी त्यांना असं झापलं की आख्खं स्टँड गोळा झालं. संध्याकाळपर्यंत पनवेलभर झालं की डॉक्टरीणबाईला गाडीतलं काडीचं कळत नाही, स्वतःच्या हाताने चाक फोडलं, मग भीतीने गाडी रांगत आणली आणि पोर मारलं. ज्यांची बाळंतपणं बाईंनी फुकट केली होती ती माणसं हे बोलत होती. माणसाची जीभ किती हलकी असते ते मी त्या आठवड्यात पाहिलं. मला तेव्हा एकेकाच्या दारात जाऊन भांडायचं होतं. आजही आहे.

मी बाईंशीच भांडले. आयुष्यात एकदाच. "तुम्ही खोटं का बोललात? त्या म्हाताऱ्याने पाणी घातलं हे का नाही सांगत?"

त्या हत्यारं उकळत ठेवत होत्या. "काय सांगू? तुझ्या पाण्याने तुझा नातू गेला, असं? त्याने मला मान दिला, शालिने. हंडा स्वतः उचलला. त्याला हे सांगितलं तर तो जगेल का? डॉक्टर आहे मी, खाटीक नाही."

"आणि तुमचं नाव जातं आहे ते?"

"जाऊ दे." उकळत्या पाण्यावर झाकण ठेवून त्या म्हणाल्या, "पाय बाहेर काढायचे मी विसरले. इतकी वर्षं काढते, त्या दिवशी विसरले. आणि उतरणीला ब्रेक दाबत आले ती मीच." मग एकदम त्यांचा नेहमीचा आवाज लागला. "तू कुठे बोललीस तर याद राख. उभी काय आहेस? चिमटे कुणी पुसायचे?"

त्या गावाने बाईंना बोलावणं बंद केलं. तिथल्या बायका पुढे पेणला जात, लांब पडलं तरी. यमुनेला नंतर दोन मुलं झाली, तीही तिकडेच. बाजारात गोमा पाटील दिसले तर ते तोंड फिरवत आणि बाई त्यांना वाट देत. हे पाहून माझी तळपायाची आग मस्तकात जायची. पाटलांचाही मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. त्यांची चूक नव्हती हे कळत होतं, तरी यायचा.

बाईंनी केलं ते एवढंच. फुटका ड्रम त्यांनी गफूरभाईंकडून मागून घेतला आणि काळीच्या मागच्या पेटीत ठेवला. नवीन गावात गेलं की पाय धुऊन झाल्यावर पुरुषांना गोळा करायच्या आणि तो त्यांच्यापुढे आदळायच्या. चांगल्या ड्रमवर टिचकी मारली तर घंटेसारखा वाजतो, हा बद्द वाजायचा. "ही धाव नाही. धाव घडीव असते, ती पाणी सोसते. हा तवा आहे, तवा. तापल्यावर पाणी घातलं की हे असं होतं. माझ्या गाडीवर घालू नका, एस.टी.वर घालू नका, कुणाच्या लॉरीवर घालू नका."

कुणीतरी हटकून विचारायचं, "हा कुनाच्या गारीचा हाय, बाय?"

"एका मूर्ख बाईच्या," बाई म्हणायच्या, आणि ड्रम उचलून चालू लागायच्या.

साठचं दशक सरत आलं तेव्हा बाईंची नजर पार गेली. त्या बहिणीकडे रत्नागिरीकडे कायमच्या राहायला निघाल्या. पनवेलने निरोपसमारंभ वगैरे काही केला नाही, तसबिरीला हार घालणं पुढे सोयीचं पडणार होतं. काळी गफूरभाई चालवत होते, बाई पुढे, मी मागे. मी पेणपर्यंत सोबत जाणार होते. खिंड गफूरभाईंनी अशी उतरली की ब्रेकला जेमतेम पाय लागला, आणि बाई बाजूला बसून ते चुकतात कुठे याची वाट पाहत होत्या.

त्या गावाच्या फाट्यावर एक वाकलेला म्हातारा काठी आडवी धरून रस्त्यात उभा होता. शेजारी पाण्याचा हंडा. गोमा पाटील. गफूरभाईंनी गाडी थांबवली आणि हंडा बघून उडी मारून उतरले. "ओ पाटील, चाकाला पाणी नको."

बाईंनी दार चाचपून उघडलं आणि दोन्ही पाय बाहेर काढले.

पाटील त्यांच्यासमोर खाली बसले. "बाय, जाताव आयकलं," ते म्हणाले. "मना बोलाचं हाय. त्या दिशी तुमी गारी हलू हाकली. माजा नातू गेला. मी लय शिव्या दिल्या तुमाला, गावाला पन द्यायला लावल्या. आता मी पन पिकलं पान. राग ठेवून जानार नाय. तुमाला माफ केलं."

मी दार उघडलं, एक पाय खाली टाकला. गफूरभाई हंड्याकडे बघत होते, मग चाकाकडे, मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. इतक्या वर्षांनी त्यांना कळलं. ते चाकापासून दोन पावलं मागे सरले.

पाटलांनी हंडा उचलला. तो त्यांना पेलवेना, अर्धं पाणी बाजूला सांडून चाकावर गेलं. चाक थंड होतं, काही आवाज झाला नाही.

बाईंनी पातळ घोट्यापर्यंत वर धरलं. त्या अंदाजाने पुढे वाकल्या, त्यांचा हात पाटलांच्या हाताला लागला, आणि त्यांनी हंड्याचा काठ धरून तो स्वतःकडे वळवला.

"तिकडे नको, पाटील," त्या म्हणाल्या. "इकडे घाला."